केसांची कड

ताईचे केस कापायला घेतले आणि मुंगीच्या लक्षात आलं, की आपल्याआधीच कुणीतरी ते कापून ठेवलेत. कात्रीबित्रीने नव्हे, पडद्यावर. गेल्या रविवारचा व्हिडिओ कॉल तिने मुद्दाम रेकॉर्ड करून ठेवला होता, कारण इंटरनेटवरच्या शिकवणीतला टोपीवाला म्हणाला होता, माणसाला चित्रातून सोडवून दुसऱ्या चित्रात नेऊन बसवायचं असेल तर हात-पाय कोणीही सोडवतो, खरी परीक्षा केसांची. हा टोपीवाला कोण, कुठला, तिला ठाऊक नव्हतं. टोपीखालचं तोंड त्याने कधी दाखवलं नव्हतं, पण त्याचे छत्तीस धडे तिने शाळेच्या अभ्यासाला कधी बसली नाही इतक्या भक्तीने पाठ केले होते. हिरवी चादर भिंतीवर ठोकून ती व्हिडिओत पाण्याच्या टाकीवरून उडून आली होती, एकाच टेबलाशी दोनदा बसून स्वतःशीच भांडली होती आणि त्या भांडणात हरलीही होती. आता केस. आणि केस म्हणजे ताईचेच. कुरळे, मोकळे, कुणाच्या बापाला न जुमानणारे. मुंगीने चित्र आठपट मोठं केलं, डाव्या कानापाशी आली, आणि तिथे केसांचं टोक असं पटकन संपलं होतं, की जणू मध्येच वीज गेली. कानाच्या पाळीमागे नखाएवढं काहीतरी पांढरं चमकलं. पुढच्या चौकटीत ते नव्हतं. तिथे नेहमीची पिवळ्या पडद्याची खिडकी होती, खिडकीशी ड्रॉइंगचं टेबल, टेबलावर उन्हाची तिरपी पट्टी; सगळं जसं असायचं तसं. मुंगी खुर्चीत मागे सरकली. आपल्या घरात कोणीतरी चोरपावलांनी येऊन गेलंय आणि जाताना सगळं जागच्या जागी ठेवून गेलंय, असं तिला वाटलं.

मुंगी हे नाव ताईनेच ठेवलेलं. "डब्याला कितीही घट्ट झाकण लाव, ही आपली आत," असं ती म्हणायची. पण शोधत बसायची ही खोड मुंगीला बाबांकडून आली होती. बाबा गाड्या रंगवायचे. ठोकलेली गाडी त्यांच्या गॅरेजात यायची आणि न ठोकलेली होऊन जायची, पण कोणी दुसऱ्याने दुरुस्त केलेली गाडी समोर आली, की बाबा डोळे मिटून तिच्या अंगावरून तळवा फिरवायचे आणि म्हणायचे, "डावा दरवाजा. आत पुट्टी भरलीय." मालक शपथा घ्यायचा. बाबा ऐकून घ्यायचे आणि मग मुंगीला बाजूला घेऊन हळूच म्हणायचे, "रंग जुळवता येतो गं. कड लपत नाही." लहानपणी ती तिथे पालथ्या डब्यावर बसून बघायची: काचेवर वर्तमानपत्र, त्याच्या कडेला चिकटपट्टी, पट्टीच्या कडेवर नख फिरवून घट्ट दाबणं, मग फवारा, मग वाळल्यावर ती पट्टी ओढताना येणारा लांबलचक, अंगावर काटा आणणारा आवाज. टोपीवाल्याने पहिल्यांदा मास्क, म्हणजे चित्राचा नको तो भाग झाकणं, शिकवला तेव्हा मुंगीला हसूच आलं होतं. हे तर बाबा माझ्या जन्माआधीपासून करतात. तिचा पहिला उडायचा व्हिडिओ बघून बाबांनी मात्र एकच प्रश्न विचारला होता, "गाल हिरवे का दिसतायत? बरं नव्हतं का तुला?" चादरीचा हिरवा रंग उडून चेहऱ्यावर आला होता. छत्तीस धडे झालेल्या मुलीला तो दिसला नव्हता, आणि जे कॉम्प्युटर बंद करायचा असला की सरळ बटण दाबून मोकळे होतात, त्या बाबांना दिसला होता.

त्या नखाएवढ्या पांढऱ्याने मुंगीची झोप नाही, पण बाकी सगळं उडवलं. खिडकीतून ऊन डावीकडून येतंय आणि ताईच्या नाकाची सावली सरळ खाली ओठावर पडतेय, म्हणजे दिवा डोक्यावर. बट कपाळावर हलतेय, म्हणजे पंखा चालू आहे, आणि पडदा मात्र इस्त्री केल्यासारखा उभा. तिने मागचे रविवार काढले. केसांच्या सरावासाठी अकरा रविवार साठवले होते; अकराही रविवारी दुपारी चार वाजता ऊन टेबलावर त्याच जागी होतं. मग आठवलं. पहिल्या वर्षी, आर्किटेक्चर शिकायला जाऊन पंधरा दिवस झाले होते तेव्हा, ताईने खोलीचा फोटो पाठवला होता: "बघा माझा महाल." आईच्या फोनमध्ये तो अजून होता. तोच पडदा, तीच पट्टी, टेबलाच्या पायाशी तीच एक उलटी पडलेली चप्पल. मुंगीने वर्गातल्या मैत्रिणीला सहज विचारल्यासारखं विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, सगळेच लावतात मागे चित्र. माझा मामा तर चंद्रावर बसून बोलतो." बरोबर आहे. लोक चंद्र लावतात, समुद्र लावतात, ज्यांच्या घरात एक पुस्तक नाही ते पुस्तकांची कपाटं लावतात. पण स्वतःच्या खोलीत बसलेला माणूस स्वतःच्या पाठीमागे त्याच खोलीचं चित्र कशाला लावील?

मग तिला सगळीकडेच कडा दिसायला लागल्या. प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांच्या टकलावरची चमक वेगळ्याच दिशेकडून येतेय असं वाटायचं. बाजूच्या बाई "आमचे हे बाहेरगावी गेलेत" म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या ओठांभोवती काहीतरी चुकीचं हललं, अशी तिची खात्री झाली. आईवर तर तिने पाळतच ठेवली. आई दवाखान्यात औषधं द्यायची, घरी आली की हात धुवायची, पुन्हा धुवायची, आणि रविवारी कॉल लागला की बाबांच्या खांद्यामागे उभी राहून दर खेपेला तेच विचारायची, "जेवलीस?" एवढंच का विचारते ही? खोलीबद्दल, अभ्यासाबद्दल का नाही विचारत? हिला माहीत आहे का? एकदा मुंगीने भांडी पुसता पुसता विचारलं, "आई, ताई कशी वाटते तुला?" आई म्हणाली, "बारीक झालीय," आणि ताटली तिच्या हातून घेऊन पुन्हा पुसली. यातून काय समजायचं? जिच्यावर संशय घ्यावा तिनेच आपल्यासारखं बघितलं, की संशयाला बसायला जागा राहत नाही. तो उभाच राहतो.

चोविसाव्या धड्यात टोपीवाल्याने भर रस्त्यातून एक माणूस नाहीसा करून दाखवला होता. त्यात जादू काही नव्हती. माणूस चालतो तेव्हा प्रत्येक चौकटीत रस्त्याचा थोडाथोडा तुकडा त्याच्यामागून मोकळा होतो. ते तुकडे गोळा करून जोडले, की माणसाशिवायचा कोरा रस्ता मिळतो. मुंगीने धडा उलटा फिरवला. ताई हात हलवायची, केस मागे सारायची, हसताना मान टाकायची, आणि दर वेळी ते मागे लावलेलं चित्र निमिषभर उशिरा पोचायचं. त्या निमिषात बोटांच्या मधून, बगलेतून, बटेच्या आतून खऱ्या जागेची एखादी चिंधी दिसायची. अकरा रविवारांतल्या सगळ्या चिंध्या गोळा करायच्या. शाळेतून आल्यापासून दिवेलागणीपर्यंत तिने तेच केलं. एकेक चौकट, एकेक चिंधी, जिथली तिथे चिकटवायची. या उद्योगात एक गंमत झाली, जिचं तिला नंतर वाईट वाटलं: कामाच्या भरात ती शीळ घालायची. बहीण कुठे आहे हे शोधताना आपण इतके खूश कसे? पण हाताला कसब आलेल्या माणसाचं असंच असतं, बाबासुद्धा चेपलेलं दार बघितलं की आधी गुणगुणायला लागतात आणि मग आतल्याला फार लागलं नाही ना, हे विचारतात. आठव्या दिवशी चित्रात लोखंडी मांडणी दिसली. नवव्या दिवशी मांडणीवर पांढऱ्या घड्या, एकावर एक, छतापर्यंत. दहाव्या दिवशी एका खणावर पत्र्याची पट्टी, तिच्यावर आकडा, चौदा. शीळ थांबली. पांढऱ्या चादरी, लोखंड, आकडे, डोक्यावर ट्यूब. बारीक झालीय, आई म्हणाली होती. आई दवाखान्यातली, तिला कळणारच. मुंगीला आठवलं, लहानपणी ताप चढला, की ताई कुणाला सांगायचीच नाही. थर्मामीटर उशीखाली लपवून "मला थंडी वाजतेय" म्हणत दप्तर भरायला घ्यायची.

बुधवारी शाळा सुटल्यावर तिने सायकल स्टँडच्या मागे उभं राहून ताईला फोन लावला.

"काय गं, आज बुधवारीच?"

"ताई, तू कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहेस?"

 पलीकडून चाकांचा आवाज आला, काहीतरी जड ढकलत नेल्याचा, आणि दार लागलं.

"कोण म्हणालं तुला हॉस्पिटल?"

"मागे चादरी आहेत. चौदा नंबरचा खण आहे. तुझ्या बगलेतून दिसतो."

"माझ्या कुठून?"

"बगलेतून. आणि हसलीस की मानेमागून. सगळं जोडलंय मी."

ताई हसली. हसली आणि मग ते हसू लांबत गेलं आणि शेवटी नाक ओढल्याचा आवाज आला. "मुंगे, तुला कुणी तरी नोकरीला ठेवायला हवं. किंवा कोंडून ठेवायला. हॉटेल आहे हे, हॉस्पिटल नाही. चादरी-टॉवेलांच्या कोठीत आहे मी. धुऊन आलेली चादर दिव्यासमोर धरायची, डाग दिसतो का बघायचा, भोक दिसतं का बघायचं. रोज, आठ तास. चांगली आहे गं मी त्यात, आपल्या घरातले डोळे ना."

"आणि कॉलेज?"

"सोडलं. गेल्या वर्षीच. दोनदा नापास केलं मला, तिसऱ्यांदा कागदासमोर बसले तर हातच उठेना. तासभर बसले, दोन तास बसले. रेघ म्हणून मारता आली नाही. काय सांगणार होते बाबांना? रेघ मारता येत नाही?"

मुंगी सायकलींच्या घंट्यांकडे बघत राहिली. बाबा गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, गाडीचं काय झालंय हे विचारण्याआधी, सांगायचे, "थोरली इमारती काढते." इमारती बांधते नव्हे, काढते. त्या एका शब्दात कसा मोठा कागद उलगडल्यासारखा व्हायचा.

"सांगणार आहेस?" ताईने विचारलं.

"नाही."

"शप्पथ?"

"नाही म्हटलं ना."

"मग एक सांग. तुला दिसलं, तर त्यांना दिसेल?"

त्याचं उत्तर रविवारी मिळालं. कॉल चालू होता, ताई कुठल्याशा पुलाच्या नकाशाबद्दल भरभरून सांगत होती, आणि बाबा पुढे झुकून बघत होते. कॉल संपल्यावर ते म्हणाले, "हिच्या केसांपाशी काय होतं गं? कड दिसते. मागचं नि पुढचं एक वाटत नाही."  "नेट स्लो आहे, बाबा," मुंगी म्हणाली. इतक्या सफाईने, इतक्या कंटाळलेल्या आवाजात, की तिची तिलाच भीती वाटली. बाबा "हं" म्हणाले. गाडीचा मालक शपथ घेतो तेव्हाही ते "हं"च म्हणतात.

आता जे काही करायचं ते नीट करायचं, असं तिने ठरवलं. बहिणीसाठी म्हणून ठरवलं, हे खरं. पण हेही तितकंच खरं, की आपल्या समोर कोणीतरी गचाळ काम करतंय हे तिला सहन होत नव्हतं. तिने ताईला हुकूम सोडायला सुरुवात केली. कोठीत जेवणाच्या टेबलांवर घालायची हिरवी कापडं होती. त्यातलं एक मागे ताणून लाव, एक सुरकुती दिसता कामा नये. कापडापासून निदान हातभर पुढे, गठ्ठ्यावर बस, नाहीतर गाल हिरवे होतील. डोक्यावरचा दिवा बंद, डावीकडे टेबललॅम्प, त्याच्यावर पातळ पिवळा कागद. "इस्त्र्या तर आमच्याकडे ढीगभर आहेत," ताई म्हणाली, "पण तुझ्यापेक्षा आमची मुकादम बरी, ती निदान चहाला सोडते." इकडे मुंगीने खोलीच्या फोटोला जीव आणायला घेतला. आईची पिवळी ओढणी दाराच्या चौकटीत टांगून समोर टेबलफॅन ठेवला आणि अर्धा तास तिचं हलणं टिपलं. फोटोतला मेलेला पडदा कापून काढला, तिथे ही ओढणी बसवली. उन्हाची पट्टी अर्ध्या तासात टेबलावरून बोटभर सरकेल अशी केली. उलटी चप्पल सरळ केली. इतकी वर्षं कोण चप्पल उलटी ठेवतं? फोटोवर थोडी कणी पसरली, म्हणजे तो कॅमेऱ्यातून आल्यासारखा दिसावा. मग तो ताईला मागे लावायला पाठवून दिला. तिने आयुष्यात केलेलं ते सगळ्यात सुंदर काम होतं, आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती.

पहिल्या रविवारी बाबा बराच वेळ पुढे झुकून बघत होते. मुंगीने तळहात मांड्यांखाली दाबून धरले होते. मग बाबा खुर्चीत सैल झाले. "आज वारा सुटलाय वाटतं तिकडे," ते म्हणाले. "हो, छान गार आहे," ताई म्हणाली, आणि आईने विचारलं, "जेवलीस?"

त्यानंतरचे रविवार गोड गेले. फारच गोड. आणि तिसऱ्या की चौथ्या रविवारी मुंगीला कळलं, की आपल्याला काही दिसतच नाही. आधी निदान ती चिंधी चिंधी बघायची: आज मांडणी रिकामी होती, आज मागून कोणी गेलं, आज चौदा नंबरच्या खणाला टेकून ताई बसली होती. आता हात हलला तरी बोटांमधून पडदाच, बगलेतून पडदा, बटेच्या प्रत्येक कुरळ्यातून पडदा. ताईचा फोन बुधवारी लागेनासा झाला होता. "कामात होते गं," रविवारी ती सगळ्यांसमोर हसून म्हणायची. काम होतं का? तिथेच आहे का अजून ती? हॉटेल तरी खरं होतं का? ते हसू लांबत गेलं होतं, नाक ओढलं होतं, चाकांचा आवाज आला होता. चाकं हॉस्पिटलातही असतात. रेकॉर्डिंग आठपट मोठं करून ती कानापाशी जायची. तिथे केसन् केस सुटा होता आणि त्यामागे तिचीच ओढणी हलत होती. टोपीवाल्याच्या छत्तीस धड्यांत यावर धडा नव्हता.

सहाव्या रविवारी ताईचे डोळे सुजलेले होते. लॅम्पवरच्या पिवळ्या कागदामुळे चेहरा ठीक दिसत होता, तेही मुंगीचंच काम, पण पापण्या जाड होत्या आणि आवाज नाकातून येत होता.

"काय झालं?" आईने विचारलं. त्या दिवशी तिने जेवणाचं नाही विचारलं.

"काही नाही गं. खिडकी उघडी राहिली, वारा लागला. सर्दी."

"मग लाव की खिडकी," बाबा म्हणाले.

पडदा हलत होता. छान, भरून येत होता आणि सुटत होता.

"लावते नंतर."

"आत्ता लाव. सर्दी झालीय नि वाऱ्यात काय बसतेस. ऊठ, लाव, आम्ही थांबतो."

ताई हलली नाही. तिने कॅमेऱ्यातून मुंगीकडे बघितलं. बाबांचा आवाज साधा होता. डोळे मिटून, पत्र्यावर तळवा ठेवून बोलतात तसा. त्यांना माहीत होतं का? कधीपासून? की खरंच फक्त खिडकी लावायची होती? मुंगीने त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर तिला एकही कड सापडली नाही. इंटरनेटची वायर तिच्या गुडघ्यापाशी होती. ओढली, की चित्र जाईल. नेट गेलं म्हणायचं. पुढच्या रविवारपर्यंत ती उघडी आणि बंद, दोन्ही खिडक्या तयार करू शकत होती. उठून जाणाऱ्या बहिणीची पाठसुद्धा बनवू शकत होती. तिला ते सगळं येत होतं. आणि ते सगळं केलं, तरी ताई का रडली हे तिला कधीच कळणार नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "कापड काढ."

"मुंगे."

"काढ ना. मला दिसत नाहीयेस तू."

ताईचा हात मागे गेला. आधी खिडकीत शिरला, मग भिंतीत, मग काहीतरी धरून खाली ओढलं. पिवळा पडदा मधोमध चुरगळला, टेबल वाकलं, उन्हाची पट्टी तिच्या खांद्यावरून घसरून मांडीवर पडली. आणि वरून, एकेक खण करून, छतापर्यंत रचलेल्या पांढऱ्या घड्या उघड्या झाल्या. एका कोपऱ्यात चाकांची गाडी होती. आई पुढे आली आणि तिने बाबांच्या खुर्चीची पाठ धरली.  बाबा वाकून ती जागा बघत होते, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, घाई न करता. त्यांची नजर मांडणीवरून खाली आली, जमिनीवर आली, तिथे थांबली.

"बसायला खुर्ची दिसत नाही," ते म्हणाले. "उभ्याचं काम आहे?"

ताईने मान हलवली.

"दिवसभर?"

"आठ तास."

"पाय दुखत असतील."

"दुखतात," ताई म्हणाली. मग तिने नाक पुसलं, आणि कॉलेजच्या फाटकापर्यंत काल सकाळी कशी जाऊन आली आणि आत का गेली नाही, तिथून सांगायला सुरुवात केली.